भाताच्या तळ्यातलं श्रमदान

ज्या भाताला वाचवण्यासाठी मला पगार मिळत होता, तो भात मी जून महिन्यातल्या एका रविवारी, आमच्या मराठी मंडळातली तीसेक माणसं हाताशी धरून, मुळासकट उपटून टाकला.

वाक्य पुन्हा वाचायची गरज नाही. बरोबर वाचलंत.

आता जरा माझी लायकी सांगतो. मी मूळचा पुण्याचा. राहतो ट्रॉयला, म्हणजे डेट्रॉइटच्या अंगणात. उमेदीची सगळी वर्षं मी मोटारींच्या रेडिएटरमध्ये पाणी कसं खेळतं याची गणितं केली. मग एके दिवशी कंपनीने आमचा विभागच बंद केला आणि मी घरी बसलो. घरी म्हणजे बायकोच्या ऑफिसात. ती दिवसभर व्हिडिओ मीटिंगमध्ये आणि मी तिच्या मागच्या फ्रेममध्ये दिसू नये म्हणून स्वयंपाकघरात वाकून ये-जा करणार. महिनाभरात माझी पाठ धरली आणि तिचा संयम सुटला. तिनेच एक जाहिरात शोधून काढली. उत्तरेला, गाडीने चारेक तासांवर, तिथल्या आदिवासी जमातीच्या पाणी खात्याला सरकारदरबारी त्यांची बाजू लिहून मांडणारा माणूस हवा होता. अट एकच: पाण्याच्या क्षेत्रातला अनुभव.

"तुला आहे की," बायको म्हणाली.

"अगं, तो रेडिएटरचा."

"पाणीच असतं ना त्यात? कर अप्लाय."

मुलाखत घेणारी खात्याची प्रमुख त्याच जमातीची होती, माझ्याहून पुष्कळ लहान. तिने माझा अर्ज वाचला, चष्मा डोक्यावर सरकवला आणि विचारलं, "गळती शोधता येते?"

"तेच तर केलं आयुष्यभर."

"मग ये. राज्य सरकारच्या मसुद्यांत गळतीच गळती असते."

अशी मला नोकरी लागली. आठवड्यातले काही दिवस तिकडे एका मोटेलमध्ये, बाकीचे घरून. मी रुजू झालो तेव्हा हिवाळा तोंडावर होता आणि ज्या तळ्यासाठी भांडण चाललं होतं ते लवकरच गोठून पांढरं झालं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्या बचावाला एवढीच एक गोष्ट आहे.

भांडण असं होतं. त्या तळ्यात रानभात उगवतो. शेतातला नव्हे, कोणी लावणी केलेला नव्हे, थेट पाण्यातून वर येणारा. जमातीचे पूर्वज पूर्वेकडून चालत निघाले तेव्हा त्यांना सांगितलं गेलं होतं म्हणे, की जिथे अन्न पाण्यावर उगवताना दिसेल तिथे थांबा. ते इथे थांबले. तर तळ्याच्या तोंडाशी एक जुनं धरण आहे आणि काठावर सुट्टीत येणाऱ्यांची कॉटेजेस आहेत. कॉटेजवाल्यांच्या संघटनेला उन्हाळ्यात पाणी वीतभर वर हवं होतं. वीतभर पाणी वाढलं की त्यांच्या बोटी गाळात रुतत नाहीत. पण जूनमध्ये भाताची पानं पाण्यावर नुसती आडवी पडलेली असतात, मुळं अजून नावापुरती धरलेली. त्या वेळी तेवढं वीतभर पाणी चढलं तर रोप उचकटून बुडतं आणि संपतं.

कॉटेजवाल्यांच्या वकिलाचं म्हणणं सोपं होतं. तळ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, बोटी उतरवायच्या धक्क्याच्या आसपास, भात आता उरलेलाच नाही, आहे ते गवत. मग वाचवायचं काय? आणि आमचं म्हणणं की भात आहे, परत येतोय. ऑगस्टमध्ये सुनावणी होती.

भात परत येत होता तो एका बाईमुळे. ही माझ्या बॉसची मावशी. सगळी जमात तिला 'ऑन्टी' म्हणायची, मी मनातल्या मनात मावशीच म्हणायचो. कित्येक वर्षं जमातीच्या कौन्सिलवर होती आणि तिथून निवृत्त झाल्यावरही लोक तिच्यासमोर खुर्ची सरळ करून बसत. दर पानगळीला ती कॅनू, म्हणजे लांबट हलकी होडी, घेऊन त्या कोपऱ्यात जायची आणि मुठीमुठीने बी पाण्यात टाकायची. तिच्या आईने तिथला भात झोडलेला तिने लहानपणी पाहिला होता. तिला स्वतःला तिथे एकदाही मिळाला नव्हता. "गुडघे पुरते जायच्या आत मला त्या कोपऱ्यातला भात शिजवून खायचाय," असं ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली. "तू काय लिहायचं ते लिही, पण लवकर लिही."

मी लिहिलं. हिवाळाभर लिहिलं. 'पानं पाण्यावर पसरण्याची नाजूक अवस्था' यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. चांगलं उतरलं होतं, बॉससुद्धा म्हणाली. सोबत फोटो जोडले. ते सगळे दुसऱ्या तळ्यांवरचे, सप्टेंबरातले, पुरुषभर उंच ताटं, वाऱ्यावर डुलणाऱ्या लोंब्या. माझ्या डोळ्यांसमोर भात म्हणजे ते चित्र.

आता श्रमदान.

आमच्या मंडळाला दर वर्षी काहीतरी समाजकार्य करावं लागतं. लागतं म्हणजे, वार्षिक सभेत नागपूरचे काका विचारतात, "काय बे, नाटकं अन् जेवणावळीच करायच्या का?" मग करावं लागतं. काका हृदयाचे डॉक्टर, आमच्या सगळ्यांच्या कितीतरी आधी इथे आलेले, आता निवृत्त. मी सभेत उठून म्हणालो की यंदा माझ्या कामाच्या तळ्यावर श्रमदान करू. काकांचे डोळे चमकले. त्याच तळ्यावर त्यांचं कॉटेज होतं.

होय, ते संघटनेचे सभासद होते. होय, त्यांची बोटही होती. मला हे खटकायला हवं होतं. पण तीस मराठी माणसांना चार तासांच्या प्रवासानंतर पहिला प्रश्न पडतो तो पाणीधोरणाचा नसतो, बाथरूमचा असतो. काकांच्या कॉटेजला तीन होती. जागा पक्की झाली.

बॉसने परवानगी दिली. "काठावरचे कॅन, बाटल्या, मासेमारीच्या तारा," ती म्हणाली. "एवढंच."

"एवढंच," मी म्हणालो, आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर 'भव्य तलाव स्वच्छता अभियान' असं टाकलं.

रविवारी आम्ही पोचलो. बॅनर लागला. नारळ फुटला. फॉइलच्या ट्रेमधले पोहे, केळी, चहाचे थर्मास. सगळ्यांना सारखे टी-शर्ट आणि रबरी हातमोजे. मी चार शब्द बोललो, खरं तर चारशे. मग सगळे काठावर पसरले आणि थोड्याच वेळात परत आले. आदल्या दिवशी गावातल्या शाळेने तो काठ झाडूनपुसून लख्ख केला होता. आम्हाला सापडली एक स्लीपर आणि दोन कॅन. त्यातला एक कॅन आमच्याच गाडीतून पडला होता.

मराठी संयोजकाला काय काय सहन होतं? पाहुणा उशिरा आला तर होतं, माईक बंद पडला तर होतं. पण स्वयंसेवक आले आणि काम नाही, हे नाही सहन होत. काका कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभे राहिले.

"काय रे राजा, इतक्या लोकांना ड्राइव्ह करवून आणलंस. कचरा कुठं आहे?"

मी इकडेतिकडे पाहिलं आणि मग पाण्याकडे पाहिलं. बोटी उतरवायच्या धक्क्यालगत, गुडघाभर पाण्यात, हिरव्या फितींसारखी लांब पानं पाण्यावर आडवी पडली होती. भरपूर. सगळीकडे.

इथे माझं पुणं आड आलं. मी लहानाचा मोठा झालो ते नदीवरच्या जलपर्णीला शिव्या घालणाऱ्यांच्या गावात. आमच्याकडे नदीत पाणी दिसलं तर लोक पूल ओलांडताना थांबून बघतात. शाळेतून, कॉलेजातून, प्रत्येक संस्थेतून मी जलपर्णी काढायला गेलोय. पाण्यावर हिरवं दिसलं की माझे हात आपोआप बाह्या सारतात.

"ही बघा," मी म्हणालो. "ही पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाते."

"अरे, हेच ते!" काका ओरडले. "माझ्या बोटीच्या पंख्यात अडकते ती हीच!"

दोन सुशिक्षित माणसांचं एकमत झालं की मराठी समाज तिसऱ्याची वाट पाहत नाही. पॅंटचे पाय दुमडून सगळे पाण्यात उतरले. साखळी केली. कोणीतरी आरोळी दिली. पानं धरून ओढली की रोप मुळासकट अलगद हातात येत होतं. इतक्या आज्ञाधारकपणे निघणारं तण जगात नसतं, हे तिथल्या एकाही इंजिनियरच्या डोक्यात आलं नाही, आणि तिथे इंजिनियरांखेरीज फारसं कोणी नव्हतंच. दुपारपर्यंत धक्क्यावर छातीएवढा ढीग झाला आणि समोरचं पाणी आरशासारखं. मग ढिगासमोर ग्रुप फोटो. मी मधोमध, डोक्याला रुमाल, दोन्ही हातांत एकेक जुडी, कुस्ती जिंकल्यासारखी वर धरलेली.

आम्ही पोहे खायला बसलो आणि मावशीचा पिकअप ट्रक आला. ती आपलं पीक बघायला यायची अधूनमधून. खाली उतरली, काठी टेकत ढिगापाशी आली. एक रोप उचललं. मुळं बघितली. पाण्याकडे बघितलं.

"हे काढायला कोणी सांगितलं?"

तीस हातांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. मंडळाच्या इतिहासात एवढी एकजूट मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

"हा भात आहे," मावशी म्हणाली.

मला एकदम माझंच प्रकरण आठवलं. पानं पाण्यावर पसरण्याची नाजूक अवस्था. माझ्या घशात पोह्यांतला एक शेंगदाणा अडकला आणि प्रामाणिकपणे सांगतो, तो तिथेच अडकून राहावा असं वाटलं.

"काय म्हणाल्या त्या?" मागून एका काकूंनी विचारलं.

"भात आहे म्हणे," बायको म्हणाली. "आपण भात उपटला."

आणि मग जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. त्या काकू ढिगाला टेकून बसल्या होत्या. त्या दचकून उठल्या, पायांतले ओले बूट काढले, वाकून ढिगाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. "पाय लागला हो," एवढंच म्हणाल्या. त्यांच्यामागून दुसऱ्या. मग सगळेच. टी-शर्ट घातलेली, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली माणसं एकेक करून त्या ढिगाला नमस्कार करत होती. काकांनीही केला. सगळ्यात शेवटी मी.

मावशी बघत राहिली. "हे काय करताय?"

"अन्नाला पाय लागला की आमच्यात असं करतात," मी म्हणालो.

तिने हातातलं रोप ढिगावर परत ठेवलं. "उपटायच्या आधी करत जा," म्हणाली आणि ट्रककडे गेली. जाताना बायकोने तिच्या हातात पोह्यांची डिश दिली. ती तिने घेतली. मी तेवढ्यावर आशा धरून बसलो.

सोमवारी मी राजीनामा घेऊन बॉससमोर उभा राहिलो. तिने तो वाचलाही नाही.

"बस," ती म्हणाली. "तू गेलास तर आम्ही शिव्या कोणाला द्यायच्या? त्या कोपऱ्याच्या मधल्या भागात थोडा आहे अजून. पण चांगला रुजला होता तो धक्क्यापाशीच, माहितीये ना?"

"आता माहितीये."

"राज्याचा पाहणी करणारा माणूस धक्क्यावरूनच बघतो. त्याला बूट भिजवायला आवडत नाही."

तसंच झालं. जुलैत तो माणूस आला, धक्क्यावर उभा राहिला, आरशासारखं पाणी बघून खूश झाला. "किती स्वच्छ ठेवलंय तुम्ही," म्हणाला. बॉसने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

माझी आणखी एक धास्ती होती, तो फोटो. मी काकांना फोन केला. "काका, मंडळाच्या पेजवरून तो फोटो डिलीट करा ना."

"डिलीट? अरे, मी तर तो आमच्या कॉटेजवाल्यांच्या ग्रुपवर पण टाकला. सगळे इतके खूश झाले, राजा! म्हणाले, असे शेजारी हवेत."

मी फोन ठेवला. बायकोला सांगितलं. मुलगी जिन्यातून ऐकत होती. "वेट," ती म्हणाली, "डॅड वर्क्स फॉर द राइस, राइट?"

ऑगस्टमध्ये सुनावणी झाली, तालुक्याच्या गावी, शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई मध्यभागी. एका बाजूला कॉटेजवाले, त्यांत काका, कडक इस्त्रीत. दुसऱ्या बाजूला जमातीची माणसं, पुढच्या ओळीत मावशी. सकाळभर कॉटेजवाल्यांच्या वकिलाने एकच पालुपद लावलं होतं: त्या कोपऱ्यात भात नाही, पाहणी अहवालही तेच सांगतो. आमच्याकडे मधल्या भागातल्या विरळ ताटांचे फोटो होते, ते त्याने गवत म्हणून उडवून लावले. मावशीचा चेहरा हळूहळू बंद होत चालला होता, दुकानाचं शटर खाली यावं तसा.

मग वकिलाला हाव सुटली. त्याने मला साक्षीला बोलावलं आणि पडद्यावर फोटो लावला. मी एवढा मोठा कधीच दिसलो नव्हतो.

"मधोमध रुमाल बांधलेले गृहस्थ आपणच का?"

"हो."

"हातात काय आहे?"

"रोपं."

"तुम्ही ती का उपटलीत?"

"मला ती तण वाटली."

"तण! जमातीचं पाणीधोरण लिहिणाऱ्या माणसाला! का वाटलं?"

आता खरं सांगण्याखेरीज इलाज नव्हता. "पुण्याच्या नदीमुळे," मी म्हणालो, आणि अधिकारी बाईंना मुठा नदी समजावून सांगायला लागलो. जलपर्णी, अभियानं, आमचे बॅनर, सगळं. त्यांनी मध्येच हात वर करून मला थांबवलं, त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलत होता.

वकील विजयी मुद्रेने वळला. "पाहा. ज्या भातासाठी हे लोक आपल्याकडे आले आहेत, तो भात त्यांच्याच माणसाने, त्याच धक्क्यावर, ढीगभर उपटला! इतकी किंमत आहे त्यांना त्याची!"

अधिकारी बाईंनी चष्मा पुसला. "एक मिनिट. त्या ढिगात काय आहे म्हणालात?"

"रानभात."

"कुठून काढलेला?"

"त्याच कोपऱ्यातून, धक्क्यापासून..." वकिलाचं वाक्य तिथे पोचलं आणि थबकलं.

"म्हणजे जूनमध्ये तिथे भात होता," बाई म्हणाल्या. "आणि पुष्कळ होता. सकाळपासून आपण मला सांगत होता की नाहीच."

वकील कागद चाळायला लागला. मग पुढच्या ओळीतून एक हसू फुटलं, आधी खोकल्यासारखं, मग खदखदून. मावशी काठी जमिनीवर आपटत हसत होती. तिच्या मागची सगळी ओळ हसायला लागली आणि मग, मी शपथेवर सांगतो, कॉटेजवाल्यांतूनही कोणीतरी हसलं. ते काका होते.

निकाल काही आठवड्यांनी आला. पुढची काही वर्षं उन्हाळ्यात पाणी चढवायचं नाही, तोवर भाताची वाढ बघायची. कायमचा विजय नव्हे, पण तेवढ्यात बी पडतं, रुजतं. काकांचा फोन आला. "म्हणजे माझी बोट रुतलेलीच राहणार?"

"काका, कॅनू घ्या."

"या वयात?" काका म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात खरंच घेतली.

सप्टेंबरात बॉसने निरोप दिला: मावशी त्या कोपऱ्यात जाणार आहे, मधल्या भागात जो उरलाय त्यातला थोडा झोडायला, एका जेवणापुरता. बाकीचा पाण्यात गळू देणार, पुढच्या साली उगवायला. आणि तिने तुला बोलावलंय.

मी हरखलो. रीत मी वाचली होती. एकजण मागे उभा राहून लांब काठीने कॅनू ढकलतो आणि दुसरा बसून दोन हलक्या दांडक्यांनी, एकाने ताटं कॅनूवर वाकवून आणि दुसऱ्याने हळूच थोपटून, दाणे खाली पाडतो. मी घरी दोन लाटणी घेऊन सोफ्याच्या उशांवर सराव केला. बायको दारातून बघून गेली. पोळ्यांच्या वेळेस तिने लाटणं धुऊन घेतलं, दोनदा.

धक्क्यावर पोचलो तेव्हा धुकं उतरत होतं. आणि तिथे, मी साफ केलेल्या जागेच्या पलीकडे, ती उभी होती, माझ्या फोटोंतली ताटं, पुरुषभर उंच, लोंब्या वाकलेल्या. आता मी ओळखली. आता कोणीही ओळखलं असतं.

बॉस मागे काठी घेऊन उभी राहिली. मावशी गुडघे सांभाळत पुढे बसली. दोन दांडकी माझ्यासमोर आडवी पडली होती. मी आदराने वाकलो आणि ती उचलायला हात पुढे केला.

मावशीने ती आधीच उचलली.

"तुला वजनासाठी आणलंय," ती म्हणाली. "मधे बस. आणि दोन्ही हात मांड्यांखाली ठेव."